पंचवीस फूट वायर

"दोन्ही कान बंद केलेस तर गाडा अंगावर आला तरी कळायचं नाही तुला," जालिंदर म्हणाला.

"तू आहेस ना मागं. वायर ओढ."

"ओढीन. पण तू थांबशील का?"

"एकदा ओढलीस की थांबायचं, लागोपाठ दोनदा ओढलीस की चालायचं. बैलाला कळतं, मग मला नाही कळणार व्हय?"

तो हसला आणि त्यानं वायरच्या जोडाला चिकटपट्टीचा आणखी एक वेढा मारला. वैशाखातले दुपारचे साडेतीन वाजले होते. आमच्याच गावात, वेशीबाहेरच्या पिंपळाखाली आमचा बँड उभा होता. लग्नाआधी नवरदेव घोडीवर बसून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला आमच्या नगरकडे परण्या म्हणतात, आणि वेळेवर निघालेला परण्या मी तरी आजवर पाहिलेला नाही. त्या दिवशी नवरदेव तयार होता, करवल्या तयार होत्या, घोडीचा मात्र पत्ता नव्हता.

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि लतीफभाईंच्या ब्रास बँडमध्ये गायक होतो. गोरख वैराळचं गाणं म्हटलं की चार गावचे लोक लग्नाची तारीख बदलून घेत, असं मी तेव्हा सांगत असे. दोन घरांनी बदलली होती, हे खरं आहे.

बँडच्या गायकाचं दुखणं बाहेरच्यांना ठाऊक नसतं. आमच्या गाड्यावर दोन भलेमोठे स्पीकर पुढं तोंड करून बसवलेले असत. मधे मिक्सर, त्याच्या शेजारी कीबोर्ड, आणि गाडा ढकलायला मागून दोन माणसं. गायक माईक घेऊन स्पीकरच्या पुढं चालतो. म्हणजे त्याचाच आवाज त्याच्या पाठीत धपाटे घालत राहतो, पण सूर काही हाती लागत नाही. दहा वर्षं मी तसाच ओरडलो. मग घसा बसायला लागला आणि घरी गेल्यावरही कानात शिट्या वाजायला लागल्या.

त्यावर तोड जालिंदरनं काढली. तो आमचा मिक्सरवाला. त्यानं कानाच्या आत जाणारे, रबरी बोंडांचे इअरफोन आणले. मोठमोठे गायक तेच घालतात, हे त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं. त्यांचं यंत्र बिनवायरीचं असतं, ते काही लतीफभाईंना झेपणारं नव्हतं. इअरफोनची स्वतःची वायर जेमतेम कमरेपर्यंत यायची. म्हणून जालिंदरनं तिला पंचवीस फुटांची एक्स्टेन्शन वायर जोडली. तिचं एक टोक मिक्सरमध्ये, दुसरं माझ्या कमरेच्या पट्ट्याला. मधली वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून ती माझ्या खांद्यावरून मागं जायची. मी चालेन तसा गाडा ढकलणारे गाडा ढकलत, नाहीतर वायर तुटली असती. वरातीतले लोक म्हणायचे, लतीफभाईंनी गायक दावणीला बांधलाय.

कानात फक्त दोन गोष्टी यायच्या. माझा आवाज आणि तुषारचा कीबोर्ड. ढोल, ताशे, ट्रम्पेट, फटाके, घोडीमागच्या बायकांचा कलकलाट, सगळं बाहेर राहायचं. पहिल्यांदा ती बोंडं कानात बसली तेव्हा मला विहिरीत उतरल्यासारखं वाटलं होतं. गार आणि एकटं. आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं होतं.

त्या दिवशी परण्या सुतार गल्लीतून जाणार होता. सुतार गल्लीत निवृत्ती मास्तरांचं घर होतं.

मास्तरांनी लतीफभाईंच्या वडिलांपासून आमच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवलं. पस्तीस वर्षं. मला ते वाजवायला काही शिकवता आलं नाही त्यांना, माझी बोटं जाडी. पण गायला त्यांनीच शिकवलं. ते म्हणायचे, "गोरख, तू वाक्य म्हण आणि गप बस. मग मी बोलतो. दोघं एकदम बोलायला लागलो तर त्याला भांडण म्हणतात." मी म्हणायचो, ते जवाब द्यायचे. लोक परण्या सोडून आमच्याभोवती कडं करायचे.

क्लॅरोनेट वाजवताना वरचे दात तोंडीवर टेकवावे लागतात. मास्तरांचे पुढचे चार दात एका पावसाळ्यात गेले. त्यानंतर त्यांचा आवाज फाटायला लागला, मधेच हवा निसटायची. त्यांनी ओठ आत दुमडून वाजवून पाहिलं, ओठातून रक्त यायचं. तो सीझन त्यांनी कसाबसा ओढला. पुढच्या सीझनला त्यांना निरोप गेला नाही. बँडमधून कुणाला काढत नाहीत. पुढच्या सुपारीचा निरोप जात नाही, इतकंच. त्यांच्या जागी तुषारचा कीबोर्ड आला, आणि कीबोर्डात क्लॅरोनेटचंही बटण होतं.

याला दोन वर्षं झाली होती. दोन वर्षं मास्तर माझ्याशी बोलले नव्हते असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं तर मीच त्यांच्यासमोर गेलो नव्हतो. बाजारात त्यांची टोपी दिसली की मला पलीकडच्या दुकानात काम निघायचं.

त्या उन्हाळ्यात कानावर आलं की मास्तरांनी कवळी बसवून घेतली. मी लतीफभाईंना गाठलं.

"मास्तरांना परत आणू या."

लतीफभाईंनी पान गालात सरकवलं. "कवळीनं क्लॅरोनेट वाजतं का रे?"

"वाजत असंल."

"असंल नको मला. एकदा ऐकू दे. वाजलं, तर दुसऱ्या दिवशी गाड्यापुढं उभं करतो त्यांना, कोट-टोपी घालून. नाय वाजलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाय."

मास्तर कुणापुढं परीक्षा द्यायला येणार नाहीत, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. पण परण्या त्यांच्या दारावरून जाणार होता आणि लतीफभाई त्यात चालणार होते. मी भाजीबाजारात गयाकाकींना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, मुद्दाम आडवा गेलो.

"काकी, शुक्रवारी परण्या तुमच्या दारावरनं जाणार आहे. मी मास्तरांनी बसवलेलं ते संथ गाणं घेणार आहे. बरोबर तुमच्या दारापुढं. त्यांना सांगा. लतीफभाई पण असतील म्हणावं."

काकींनी वांगी पिशवीत भरली. "सांगते," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्या गाण्यात प्रत्येक ओळीनंतर क्लॅरोनेटच्या जवाबाची जागा होती. मास्तरांना ती माझ्यापेक्षा जास्त पाठ होती. मला मास्तर परत हवे होते. त्यांना मीच आणायला हवं होतं, दुसऱ्या कुणी आणून भागणार नव्हतं. त्या दिवशी माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

घोडी साडेचारला आली. परण्या निघाला.

वेशीपासून चावडीपर्यंत आम्ही नेहमीची नाचाची गाणी घेतली. नवरदेवाचे मित्र घामानं भिजून निघाले. लतीफभाई छत्री घेऊन बाजूनं चालत होते. सुतार गल्लीच्या तोंडाशी मी मागं वळून तुषारला बोट दाखवलं. ते गाणं. त्यानं मान हलवली. ढोल-ताशा थांबला, हे मला ढोलवाल्यांच्या हातांवरून दिसलं. कानात आधीही ढोल नव्हता आणि नंतरही नव्हता.

मी डोळे मिटले. संथ गाणं म्हणताना गायक डोळे मिटतातच.

त्या गल्लीत मला डोळ्यांची गरजही नव्हती. आधी नळापाशी खळगा, मग उताराची फरशी, मग डाव्या हाताला मास्तरांचा ओटा. खळगा पायाला लागला. फरशी लागली. ओट्यापाशी उभा राहून मी पहिली ओळ म्हटली आणि गप झालो.

एरवी तिथं तुषारनं कीबोर्डवर क्लॅरोनेटचं बटण दाबून जवाब द्यायचा, असं ठरलेलं होतं. त्यानं जवाब दिला नाही. नुसता एक सूर धरून ठेवला, अगदी बारीक. कानात तेवढा एकच सूर आणि भोवती मोकळी जागा. मला वाटलं, तुषार शहाणा झाला, आज आपल्याला गायला जागा देतोय. मी ती जागा आलापानं भरून काढली. दुसरी ओळ म्हटली. पुन्हा तीच मोकळी जागा, पुन्हा तोच बारीक सूर. मी पुन्हा आलाप घेतला, आधीच्यापेक्षा लांब. माझा आवाज त्या दिवशी असा लागला होता की अंगावर शहारे आले. माझ्याच अंगावर. इतका चांगला मी आधी कधी गायलो नव्हतो आणि नंतर तर नाहीच.

कमरेला हिसका बसला. मग आणखी एक. दोन म्हणजे चाल. मी चाललो. जरा भरभरच चाललो.

दोन हिसक्यांच्या मधे थोडा वेळ गेला होता. तो किती होता, हे मी अकरा वर्षं मोजतोय.

तिसऱ्या ओळीनंतर कीबोर्डनं पुन्हा नेहमीसारखा जवाब दिला. गाणं संपलं तेव्हा पायाखाली पाराची फरशी होती. मी डोळे उघडले. समोर मारुतीचं देऊळ होतं. मागं गाडा होता, तो ढकलणारी दोन माणसं होती, जालिंदर आणि तुषार होते. ट्रम्पेटवाले आणि ढोलवाले माझ्या दोन्ही बाजूंना असायला हवे होते. तिथं कुणी नव्हतं. ते सगळे मागं, गल्लीच्या मधोमध उभे होते, वाद्यं खाली करून. त्यांच्या मागं घोडी अडकली होती आणि नवरदेव मान उंच करून बघत होता.

मी बोंडं कानातून काढली. आवाज एकदम आत येतो नेहमी. त्या दिवशी आत यायला काही नव्हतं. कुणाचं तरी लहान मूल रडत होतं, तेवढंच.

"वायर ओढली होती मी," जालिंदर म्हणाला.

"दोनदा ओढलीस. दोनदा म्हणजे चाल."

"एकदा ओढली. तू गायचा थांबला नाहीस, म्हणून परत एकदा ओढली."

"कशासाठी पण?"

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "तुला खरंच ऐकू आलं नाय?"

तोवर लतीफभाई आले. छत्री मिटून बगलेत धरली होती. एरवी ते आधी शिवी देतात आणि मग बोलतात. त्या दिवशी त्यांनी शिवी दिली नाही.

"वाजवलं रे म्हाताऱ्यानं," ते म्हणाले. "कवळी बसवून असं वाजवलं! तुझी ओळ संपली आणि ओट्यावरनं जवाब आला. ट्रम्पेटवाल्यांनी तिथल्या तिथं ट्रम्पेट खाली घेतली. तुषारनं हात आखडता घेतला, त्यांना जागा दिली. सगळी गल्ली थांबली. आणि तू काय केलंस? त्यांच्या डोक्यावर आलाप घेतलास. एकदा नाय, दोनदा. दुसऱ्या वेळी तर त्यांच्या ओट्यापुढनं चालता झालास. मग त्यांनी तिसरा जवाब दिलाच नाय."

आमच्यात एक रीत आहे. रस्त्यात कुणी वाजवत असलं, दुसरा बँड असो, दारात बसलेला एकटा माणूस असो, तर त्याच्यासमोरून चालत जायचं नाही. थांबायचं. त्याचं संपू द्यायचं. मग कानाच्या पाळीला हात लावायचा आणि पुढं निघायचं. वाजत्या वाद्याला ओलांडून जाणं म्हणजे तुझं वाजवणं आम्ही वाजवण्यात धरत नाही, असं तोंडावर सांगणं. अशावरून बँडांमध्ये डोकी फुटलेली आहेत. ही रीत मला मास्तरांनीच सांगितली होती.

"मला वाटलं, तुझ्याच मनात नाय त्यांनी यावं," लतीफभाई म्हणाले. "पण मी शब्दाचा पक्का आहे. वाजलं म्हणजे वाजलं. उद्यापासनं या म्हणावं त्यांना. आणि सांगायला तूच जायचं."

नवरदेवाच्या चुलतभावानं मोबाइलवर सगळं घेतलं होतं. तो बिचारा मला उत्साहानं दाखवायला आला, "गोरखदादा, काय झालंय बघा ना!" मी पाहिलं. त्यात मी आहे, डोळे मिटलेला, कानात बोंडं, खांद्यावर वायर. मागं ओट्यावर मास्तर उभे आहेत. अंगात बँडचा लाल कोट, पितळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली, डोक्यावर बँडची टोपी. त्या उन्हात. माझी ओळ संपते आणि ते वाजवतात, आणि काय वाजवतात! तेवढ्यात माझा आलाप येतो आणि स्पीकरमधून त्यांच्यावर कोसळतो. ते थांबतात. दुसरी ओळ. ते पुन्हा वाजवतात, मी पुन्हा कोसळतो, आणि चालायला लागतो. मास्तर क्लॅरोनेट तोंडापासून काढतात आणि मी जातो तिकडे बघत उभे राहतात. मग चुलतभावाचा मोबाइल घोडीकडे वळतो.

मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं हे कळत होतं, पण आत हात घालावा तर तिथं काहीच नव्हतं. कानातली बोंडं काढली होती तरी सगळे लांबून बोलताहेत असं वाटत होतं. लग्न लागल्यावर मी आणखी चार गाणी म्हटली. चांगली झाली म्हणे. जेवलोसुद्धा. जिलबी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी मास्तरांच्या ओट्यावर उभा होतो. हातात पिशवी, पिशवीत इअरफोन आणि ती वायर. रात्रभर मी एवढंच ठरवलं होतं, की तोंडी सांगण्यात अर्थ नाही, दाखवायचं.

मास्तर आत खाटेवर बसून चहाची वाट बघत होते. कवळी काढलेली होती, त्यामुळे गाल आत गेले होते. मला बघून त्यांनी ती शेजारच्या वाटीतून उचलली, तोंडात बसवली आणि मग म्हणाले, "ये. बस."

काकी स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि मला बघून परत आत गेल्या.

मी जमिनीवर बसलो. "मास्तर, लतीफभाईंनी सांगितलंय, आजपासनं या."

"काल आलो होतो की," मास्तर म्हणाले.

खुंटीला लाल कोट टांगलेला होता. काखेत अजून ओला होता.

"मास्तर, मला ऐकूच आलं नाही. शपथ. हे बघा." मी पिशवीतून सगळं काढलं. "हे दोन्ही कानांत बसतं. बाहेरचं काही म्हणता काही येत नाही आत. नुसता माझा आवाज आणि कीबोर्ड. तुषारनं तुमच्यासाठी जागा सोडली, मला वाटलं माझ्यासाठी सोडली. जालिंदरनं वायर ओढली, मला वाटलं चाल म्हणतोय. तुम्ही घालून बघा. मग सांगा."

"मी कशाला घालू?"

"घाला ना. एकदाच."

त्यांनी ती बोंडं हातात घेऊन फिरवून पाहिली, क्लॅरोनेटची पत्ती तपासायचे तशी, उजेडाकडे धरून. मग एक कानात घातलं. दुसरं त्यांना बसेना. मी उठून त्यांच्या कानाची पाळी वर ओढली आणि बसवलं. त्यांच्या इतक्या जवळ मी दोन वर्षांत गेलो नव्हतो. वायरचं दुसरं टोक मी माझ्या मोबाइलला लावलं आणि तुषारच्या कीबोर्डची टेप चालू केली. मास्तरांनी डोळे बारीक केले. मी टाळी वाजवली. ते हलले नाहीत. मी जोरात "मास्तर" म्हणालो. ते खिडकीबाहेर बघत होते.

त्यांना ऐकू येत नव्हतं. मी पुन्हा जमिनीवर बसलो आणि बोललो.

"मास्तर, त्या वर्षी लतीफभाईंनी मला विचारलं होतं. म्हणाले, तू त्यांचा चेला, तू सांग, ठेवायचं का त्यांना अजून एक सीझन? दात बसवून घेतो म्हणतात. मी म्हणालो, नको. आता त्यांच्यानं होत नाही. मला गाताना अडचण होते. मी म्हणालो असं. लतीफभाई ठेवणार होते तुम्हाला. मीच नको म्हणालो."

हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. जालिंदरला नाही, बायकोला नाही. बोलून झाल्यावर बरं वाटेल असं मला वाटलं होतं. कसलंच वाटलं नाही. मान वर केली तर काकी दारात उभ्या होत्या, हातात चहाचे दोन कप. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. त्यांनी कप खाटेच्या कडेला ठेवले आणि पदराला हात पुसत तिथंच थांबल्या.

मास्तरांनी बोंडं काढली. एक, मग दुसरं.

"खरंच की रे," ते म्हणाले. "काही म्हणजे काही येत नाही. मेल्यावर असंच असंल." आणि हसले. त्यांचं हसू बघून माझ्या छातीवरचा दगड हलल्यासारखा झाला. "कानाचं पटलं मला. उगीच रात्रभर तुझ्या नावानं बोटं मोडली. ही साक्षीला आहे."

"मग येणार ना मास्तर?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. "आता डोळ्यांचं सांग."

"काय?"

"कान बंद होते. पटलं. डोळे का मिटले होतेस?"

"संथ गाण्याला..."

"संथ गाण्याला डोळे मिटतात. मलाच शिकवतोस?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "निरोप तू धाडलास. लतीफ असंल म्हणून तू सांगितलंस. दोन महिने मी ही कवळी तोंडात धरून, क्लॅरोनेटचं खालचं तोंड उशीत खुपसून वाजवतोय, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. हिरड्या सोलून निघाल्या. तू गल्लीत शिरलास तेव्हा मी ओट्यावर उभा राहिलो. म्हटलं, आधी हा माझ्याकडं बघंल, मग मी वाजवीन. तू बघितलंच नाहीस. मग तसंच वाजवलं. माझ्या दारापुढं येऊन डोळे का मिटलेस, गोरख?"

मी वायरकडे बघत होतो. ती खाटेवरून माझ्या पायापर्यंत आली होती.

"सांग ना आता," काकी म्हणाल्या. "मघाशी यांचे कान बंद असताना सांगत होतास, तसंच सांग."

मी मोबाइलमधून वायरचं टोक उपसून काढलं. गायक माणूस मी, चार हजार लोकांपुढं उभा राहणारा. दोन माणसं होती खोलीत.

"राहू दे गं," मास्तर म्हणाले. "त्याचे ओठ हलत होते, मी बघत होतो खिडकीच्या काचेत. काय बोलला ते मला ठाऊक आहे. लतीफनं तेव्हाच सांगितलं होतं मला, दुसऱ्याच दिवशी. दारात येऊन रडला होता तो."

काकी त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांनाही हे माहीत नव्हतं.

"ठाऊक होतं," मास्तर म्हणाले, "तरी काल कोट घातला मी."

त्यांनी कप खाली ठेवला. मग वायर ओढून घेतली आणि ती गुंडाळायला लागले, कोपरापासून अंगठ्यापर्यंत, न पीळ पडू देता, सावकाश. पंचवीस फूट गुंडाळायला वेळ लागतो. गुंडाळून झाल्यावर त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली.

"मास्तर, आज अकराची सुपारी आहे," मी म्हणालो. माझा आवाज मला लांबून ऐकू येत होता. "तुम्ही या. मी हे कानात घालणार नाही. तुमच्या पाया पडतो."

"नाही रे," ते म्हणाले. त्यांनी कवळी काढून वाटीत ठेवली, म्हणून पुढचं जरा बोबडं आलं, पण मला नीट ऐकू आलं. "तुझ्यासमोर एकदाच उभं राहायचं बळ होतं माझ्यात. ते काल वापरलं."